शुक्रवारचा मुडदा

सौदी अरबस्तानात मी सिनेमा ऑपरेटर होतो असं सांगितलं की लोक आधी हसतात आणि मग माझ्या वयाकडे बघून गप्प बसतात. त्यांचंही चुकत नाही. त्या देशात तेव्हा गावोगाव शोधूनही थिएटर सापडलं नसतं. माझ्या इकाम्यावर, म्हणजे तिथे राहण्याच्या परवान्यावरही, धंदा 'इलेक्ट्रिशियन' असाच लिहिलेला होता. आठवडाभर मी खरोखरच ट्यूबलाइटी आणि एसीच्या वायरी बघत फिरायचो. शुक्रवारी मात्र कामगारांच्या कॅम्पातल्या रिक्रिएशन हॉलच्या मागच्या, माडीवरच्या खोलीत शिरायचो, प्रोजेक्टरवरची चादर काढायचो आणि चिपळूणच्या थिएटरातला जुना शिर्के व्हायचो.

आमचा कॅम्प धाहरानजवळ, एका तेलकंपनीच्या कंत्राटदाराचा. साहेब लोकांच्या कॉलनीत त्यांच्यापुरतं बंदिस्त थिएटर होतं. तिथे नकोसे झालेले फिल्मचे डबे आमच्याकडे यायचे, जशा साहेबाच्या घरच्या जुन्या खुर्च्या यायच्या. डब्यांत बहुतेक सगळे जुने अमेरिकन गुप्तहेरपट. काळेपांढरे, तासाभराचे, दोन रिळांत खलास. मोठ्या सिनेमाच्या आधी भरताड म्हणून लावायला स्टुडिओवाले हे काढत, असं मी एका साहेबाकडून ऐकलं होतं. आठवड्या-दोन आठवड्यांत एक सिनेमा तयार. पैसे नाहीत, म्हणून धुकं फार. धुकं सोडलं की मागे रस्ता नाही, भिंत नाही, काही उभारावं लागत नाही. एकच जिना सगळ्या सिनेमांत असायचा. कधी तो सरदाराच्या हवेलीत, कधी हॉटेलात, कधी वेड्यांच्या इस्पितळात. वरची फुलदाणी तेवढी बदलायची. मला तो जिना आमच्या घरच्या पायऱ्यांपेक्षा जास्त पाठ झाला होता.

खुनी ओळखणंही सोपं होतं. आमच्यात केरळचा एक प्लंबर होता, वर्गीस नावाचा. तो पहिल्या दहा मिनिटांत उठून खुनी कोण ते जाहीर करायचा आणि सिगारेट ओढायला बाहेर जायचा. कधी चुकला नाही. मी एकदा खोदून विचारलं, तेव्हा म्हणाला, "शिर्के, जो ॲक्टर महंगा दिखता है और कुछ काम नहीं करता, वोही." याच्यापुढे त्या टोपीवाल्या गुप्तहेराची अक्कल काय उपयोगाची?

आता माझ्या कामाबद्दल. प्रोजेक्टर सोळा मिलिमीटरचा, एकच. त्यामुळे पहिलं रीळ संपलं की दिवे लावायचे, दुसरं चढवायचं, तोवर लोकांनी चहा प्यायचा. मी मध्ये मध्ये माइकवरून हिंदीत गोष्ट सांगायचो, कारण ते इंग्रजी कुणाच्या बापाला कळत नव्हतं. मला तरी कुठे सगळं कळत होतं? जिथे कळत नसे तिथे मी माझ्या पदरचं घालायचो. एका बाईला तीन सिनेमांत मी खुन्याची सावत्र बहीण केलं आणि कुणाची तक्रार आली नाही.

दुसरं काम पुठ्ठ्याचं. रिक्रिएशनचे सुपरवायझर अबू फहद म्हणून वयस्क सौदी गृहस्थ होते, फार सज्जन. त्यांनी पहिल्याच दिवशी नियम सांगितला: "शिर्के, बॉटल नो. बोसा नो. पिस्तूल, नो प्रॉब्लेम." बोसा म्हणजे मुका. फिल्म कापायला त्यांनी सांगितलं असतं तर मी कापली नसती, ऑपरेटरचा हात त्याला धजत नाही. मग मी चहाच्या खोक्याचा एक पुठ्ठा कापून घेतला. बाटली आली की तो लेन्सपुढे आडवा धरायचा, पडदा काळा, बाटली गेली की पुठ्ठा काढायचा. आवाज चालूच असायचा, त्यामुळे अंधारात ग्लास किणकिणायचे. पंचाईत अशी की या सिनेमांत विष हमखास दारूच्या ग्लासात. पुठ्ठ्यामागेच सगळा गुन्हा घडायचा. मी माइकवरून "चाय में ज़हर मिला दिया" असं सांगून मोकळा व्हायचो.

या सगळ्या सिनेमांत एक माणूस पुन्हा पुन्हा दिसायचा. स्टुडिओच्या पगारावरचा कुणी बारका नट असणार. सावळासा, बारीक मिशी, भुवया मध्ये जुळलेल्या, कोटाची कॉलर वर केलेली. कधी लिफ्टमन, कधी शोफर, कधी हॉटेलातला कारकून. याला नेहमी काहीतरी माहीत असायचं. तो टेलिफोनवर गुप्तहेराला सांगायचा की मला सगळं ठाऊक आहे, उद्या सकाळी सांगतो, आणि बहुतेक वेळा पहिलं रीळ संपता संपता मरून पडायचा. त्याचं मढं बघून लोक चहाला उठायचे. पुढच्या शुक्रवारी तो पुन्हा हजर, दुसऱ्याच कुणाची तरी लिफ्ट चालवत. पोरांनी त्याचं नाव 'शुक्रवारचा मुडदा' ठेवलं होतं. तो दिसला की टाळ्या पडायच्या.

हा सगळा थट्टेचा मामला होता. इराकनं कुवेत घेतलं आणि थट्टा तिथेच संपली.

आमच्या कॅम्पात दाऊद मुकादम नावाचे पाइप फिटर होते, दाभोळ खाडीकडचे. माझ्याहून मोठे, म्हणून मी दाऊदभाई म्हणायचो, ते मला शिर्केभाऊ. आमच्या खोल्या शेजारी होत्या आणि सुक्या बांगड्याचा डबा सामाईक. त्यांचा धाकटा भाऊ सलीम कुवेतला एका घरी ड्रायव्हर होता. त्याचा व्हिसा दाऊदभाईंनीच खटपट करून काढून दिलेला. पोरगा मिसरूड फुटायच्या वयात गेला आणि त्यानंतर दोघांच्या रजा कधी जुळल्याच नाहीत. दहाएक वर्षं नुसते फोन. तो फोनही आता बंद पडला. कुवेतमधले आपले लोक वाळवंटातून जॉर्डनकडे निघालेत, तिथून विमानं सुटतायत, अशा बातम्या येत होत्या. घरी मुंबईला पोचलेल्यांत सलीम नव्हता. आई गावाहून पत्र धाडायची, त्यात एकच प्रश्न असायचा, आणि तो दाऊदभाईंना उद्देशून असायचा, कारण पाठवलं त्यांनीच होतं.

त्या थंडीतल्या एका शुक्रवारी मी एक सिनेमा लावला. त्यात मुडदा पेपरविक्या झाला होता. गुप्तहेर त्याच्याकडून पेपर घेतो आणि धुक्यात जातो, एवढाच प्रसंग. पण तो जाताच हा माणूस क्षणभर सरळ कॅमेऱ्यात बघतो. कॅमेऱ्यात बघू नये हा पहिला नियम. पैसेवाल्या सिनेमात असं झालं तर शॉट पुन्हा घेतात, इथे फिल्म वाया घालवायची ऐपत नव्हती, म्हणून ती नजर तशीच राहून गेली. मी ती पूर्वी पाहिली होती आणि दर वेळी मला थोडं कसंसंच व्हायचं, कारण त्या नजरेत नाटक नव्हतं. तो खरोखर कुणाला तरी शोधत होता.

दाऊदभाई तिसऱ्या रांगेत उठून उभे राहिले. त्यांची सावली पडद्यावर पडली. लोक ओरडले, ते बसेनात.

चहाच्या वेळी ते माझ्या खोलीत आले. "शिर्केभाऊ, तो सलीम हाय."

"अहो, हा सिनेमा तुमच्या-माझ्या जन्माच्या सुमाराचा."

"मला म्हाईत हाय. मी काय येडा नाय. पण चेहरा बगितलास? भुवया बगितल्यास? माझ्याकडं बगत व्हता तो."

मी सलीमला कधी पाहिलेला नव्हता. दाऊदभाईंकडे त्याचा फोटोही नव्हता, गावच्या कुठल्याशा लग्नातला एक होता, त्यात मांडवाच्या खांबाआडून अर्धा कान दिसायचा. त्यांनी सांगितलं तसा असेल, म्हणून मी मान डोलावली. हळूहळू सगळ्या कॅम्पानंच मान डोलावली.

आता जे सांगतो ते वाचून तुम्ही आम्हाला खुळे म्हणाल तर म्हणा. आमच्यात कुवेतला नातेवाईक अडकलेले पुष्कळ होते. कुणाचा मेहुणा, कुणाचा पुतण्या. कुणालाच काही कळत नव्हतं. तेव्हा कसं कोण जाणे, असं ठरून गेलं की शुक्रवारी मुडदा सिनेमात जगला तर सलीम ठीक आहे, आणि सलीम ठीक तर बाकीचेही ठीक. कुणी हे मोठ्यानं बोललं नाही. पण गुरुवारी माणसं वाटेत थांबवून मला विचारायची, "शिर्के, कल वो बचता है क्या?" गेटवरचा पठाण चौकीदार शेरजमान, जो एरवी सिनेमा हराम म्हणायचा, तोही मागच्या दारात उभा राहून पहिलं रीळ बघून जायचा. मी मुडदा जिवंत राहतो ते डबे वेगळे काढले. फार नव्हते. तेच फिरवून फिरवून लावले. वर्गीस वैतागला, पण तोही बाहेर सिगारेट ओढायला जायचा थांबला.

मग बॉम्बिंग सुरू झालं. इराकची क्षेपणास्त्रं आमच्या बाजूला येऊ लागली. विषारी वायू सोडतील म्हणून सगळ्यांना रबरी मुखवटे मिळाले. हॉलच्या खिडक्यांना प्लॅस्टिक लावून चिकटपट्ट्या मारल्या. सुकांतली, म्हणजे बाजारांतली, व्हिडिओची दुकानं ओस पडली, दुकानदार जेद्दाकडे पळाले. कंपनीनं सांगितलं, शुक्रवारचा सिनेमा चालू ठेवा, माणसं शांत राहतील. दुपारची नमाज झाली की आम्ही सुरू करायचो.

एकदा अर्ध्या रिळात भोंगा झाला. दुपारचे भोंगे सहसा खोटे निघत, पण तसं धरून चालायची कुणाची छाती? हुकूम असा की पळायचं नाही, मुखवटा घालून जागच्या जागी बसायचं. मी माझा घालण्याच्या गडबडीत प्रोजेक्टर बंद करायचा विसरलो. काचेतून खाली पाहिलं. सगळा हॉल सोंडेसारख्या तोंडांचा आणि गोल काचेच्या डोळ्यांचा, आणि प्रत्येक काचेत तो पडदा बारीक होऊन हलत होता. वर पडद्यावर एक मुखवटेवाला खुनी जिना चढत होता. दोन्हीकडे सारखीच माणसं. श्वासांचा घरघर आवाज प्रोजेक्टरपेक्षा मोठा झाला होता. कुणी हललं नाही. मला त्या वेळी असं वाटलं की आता दिवे लावले तर खुर्च्यांवर कोणीच नसेल, नुसते मुखवटे असतील. दिवे लावायला माझा हात होईना. ऑल क्लिअर झाला तेव्हा सिनेमा संपून गेला होता आणि फिल्मचं शेपूट फटफट वाजत होतं.

पुढे कुवेतच्या तेलविहिरी पेटवल्याची बातमी आली, आणि बातमीच्या मागोमाग धूर आला. वारा उत्तरेचा असला की भर दुपारी सूर्य तांबडा व्हायचा, मग दिसेनासा व्हायचा. रस्त्यावरचे दिवे आपोआप लागायचे. एकदा पाऊस पडला तर अबू फहदांच्या पांढऱ्या तोबवर, त्या पायघोळ अरबी झग्यावर, काळे ठिपके उठले. ते बोटानं पुसायला गेले तर ते आणखी पसरले. तेलाचा वास जेवणात यायचा. बाहेर खरं धुकं आणि आत पडद्यावर पैशांअभावी केलेलं धुकं, हॉलच्या दारातून आत-बाहेर करताना मला कित्येकदा फरक कळायचा नाही.

त्याच दिवसांत कुवेतमधून कुठूनसं कानावर आलं की ड्रायव्हर लोकांना गाड्यांसकट धरून नेतायत. दाऊदभाईंनी जेवण टाकलं. माझ्याकडचे जगण्याचे डबे तर संपले होते. एकाची फिल्म पार फाटली, दुसऱ्याला लोक कंटाळले. तेव्हा मी मरणाचा डबा काढला आणि मनाशी ठरवलं की मरणाला पुठ्ठा लावायचा. बाटलीला लावतो, मग याला का नाही?

पहिल्या रिळाच्या शेवटी मुडदा खोलीत शिरतो, दिवा लावतो, पडद्याआडून हात येतो. हात दिसला की मी पुठ्ठा आडवा धरला आणि आवाजाचं बटण पार खाली केलं. हॉलमध्ये काळोख आणि चिडीचूप. एरवी पुठ्ठा क्षणभराचा, हा लांबला. अंधारात कुणीतरी खुर्ची सारली, मग तेही थांबलं. मी अंदाजानं पुठ्ठा काढला. पडद्यावर तीच खोली, तोच दिवा, आणि चार माणसं टोप्या हातात घेऊन खाली बघत उभी. कशाकडे ते कॅमेरा दाखवत नव्हता. एक बाई रडत होती. रीळ संपलं. दिवे लावले, तर चहाला कुणीच उठलं नाही.

दाऊदभाई धावतच वर आले. "शिर्केभाऊ, तो गेला कुठं?"

"कुठे जाणार? आहे."

"कुठं हाय? खोलीत शिरला. भायेर आला नाय. ती लोकं काय बगत व्हती? तू काय केलंस?"

मी पुठ्ठा दाखवला. म्हटलं, तुमच्यासाठीच केलं, मरताना बघू नये म्हणून.

त्यांनी माझा हात धरला. फिटरचा हात, मनगट दुखलं. "मरू दे त्याला. मेला तर पुढच्या शुक्रवारी येतो तो. दर येळी येतो. हा नुसता गेला, हा कसा येणार? दाखव मला. आता दाखव."

मला तेव्हा माझीच भीती वाटली. दया म्हणून मी त्या माणसावर नेमकं तेच आणलं होतं, जे घेऊन तो सहा महिने जगत होता. मी रीळ उलटं फिरवलं, तेवढा भाग पुन्हा लावला, पुठ्ठ्याशिवाय. हात आला, सुरा आला, मुडदा किंचाळला, कोलमडला, गालिच्यावर नीट आडवा झाला. सगळा हॉल उभं राहून बघत होता. "हां, गिर गया," असं कुणीतरी म्हणालं आणि माणसांनी सुटकेचा श्वास सोडला. मग चहा झाला. मढं बघून इतकी माणसं समाधानानं चहा प्यायलेली मी नंतर कधी पाहिली नाहीत.

पुढच्या शुक्रवारी तो पुन्हा आला. वेटर होता.

लढाई संपली. कुवेत मोकळं झालं, तरी फोन लागत नव्हते आणि धूर कमी होत नव्हता. एके दिवशी दुपारी मी गेटवरचा दिवा बदलायला गेलो होतो. तोही धुराचाच दिवस. शेरजमाननं चहा दिला आणि मजा म्हणून सांगू लागला.

"आज एक बंदा आया था. कुवेत की गाड़ी से उतरा. मुँह सारा काला. बोला, दाऊद मुकादम का भाई हूँ. न पास, न काग़ज़."

माझ्या हातातला बल्ब तसाच राहिला. "मग? वर्कशॉपला फोन केला का?"

"फोन किसलिए? मैंने भगा दिया. झूठा था," शेरजमान म्हणाला. "दाऊद के भाई को मैं पहचानता नहीं क्या? हर जुमे को देखता हूँ."

तो थट्टा करत नव्हता. त्याच्या मनात शंकेचा कणही नव्हता, आणि खरं सांगतो, पहिल्या क्षणी माझ्याही नव्हता. मी विचारलं, "भुवया जुळलेल्या होत्या?" म्हणजे मीही आधी तेच विचारलं. तो म्हणाला, बिलकुल नाही, शकलच वेगळी. आणि मला वाटलं, मग नसेल. नंतर कुठे डोक्यात उजेड पडला की सलीमला या कॅम्पात कुणी पाहिलेलंच नाही. शेरजमाननं नाही, मी नाही.

"कुठे गेला तो?"

"अरबाब के साथ था. बोला दम्माम में जनरेटर लेना है, शाम से पहले ख़फ़जी वापस." अरबाब म्हणजे धनी. खफजी हे सरहद्दीवरचं गाव. एकदा ते पलीकडे गेले की पुन्हा ना फोन, ना पत्ता.

दाऊदभाईंना वर्कशॉपमधून अक्षरशः ओढून काढलं. अबू फहदांना सगळं सांगायला वेळ नव्हता. त्यांनी अर्ध्यातच आपल्या गाडीची किल्ली काढली आणि स्वतः चालवायला बसले, "यल्ला", म्हणजे चला, म्हणाले. वाटेत दिवे लावून गाड्या चालल्या होत्या. दाऊदभाई एकच वाक्य बोलले: "शेरजमान बोलतो तसा असंल तर तो सलीम नाय."

दम्माममध्ये जनरेटरची दुकानं एका गल्लीत आहेत. गल्लीत कुवेती नंबरांच्या पिकअप दोन्ही बाजूंना, त्यावर काजळीचा थर. जो तो पाणी, पीठ, जनरेटर घेऊन परत निघायच्या घाईत. माणसं सगळी सारखीच दिसत होती, काळी, दाढी वाढलेली, डोळ्यांभोवती तेवढी पांढरी कडा. दाऊदभाई एकेकाच्या तोंडाजवळ तोंड नेऊन बघत पुढे जात होते. दोघं-तिघं चिडले. ते कुणाला शोधत होते ते मला माहीत होतं. त्या जुळलेल्या भुवया, ती वर केलेली कॉलर. मीही तेच शोधत होतो, कारण माझ्याकडे दुसरा चेहराच नव्हता. आम्ही गल्लीच्या टोकापर्यंत गेलो आणि परत फिरलो. कुणीही नव्हता.

दाऊदभाई गल्लीच्या मधोमध थांबले. इकडे तिकडे बघितलं, आणि मग त्यांनी बघणं सोडूनच दिलं. डोळे मिटले. गावाला तिन्हीसांजेला पडवीत उभं राहून खाडीकडे गेलेल्या पोराला हाकारतात, तशी हाक मारली.

"सलीऽऽम."

"ओ," असं आमच्या पाठीमागून कुणीतरी म्हणालं.

घरच्या वडीलधाऱ्यानं हाक मारली की आपल्याकडची पोरं देतात तशी ती ओ होती, विचार न करता दिलेली. आम्ही मागे वळलो. पिकअपच्या चाकाशी खोक्यावर एक किडकिडीत माणूस बसला होता. त्याच्या पुढून आम्ही दोनदा गेलो होतो. दाऊदभाईंनी त्याचं तोंड निरखून बघितलेलं होतं, आणि त्यानंही त्यांचं. त्यालाही ओळख पटली नव्हती, दाऊदभाईंचं टक्कल आणि पांढरी दाढी त्याच्या ओळखीची नव्हती. रुंद कपाळ, विरळ भुवया, नाक फेंगडं. त्या नटाशी साम्य म्हणून काही नव्हतं, औषधालासुद्धा.

तो उठला. "भाई?"

दाऊदभाई जागचे हलले नाहीत. मला भीती वाटली की ते आता म्हणतात, हा नव्हे. त्यांनी खिशातून रुमाल काढला, थुंकीनं ओला केला आणि लहान पोराचं तोंड पुसावं तसं त्याचं तोंड पुसायला लागले. काजळी निघेना, पसरतच गेली. पुसता पुसता म्हणाले, "तुजा चेहरा गेला व्हता रे माझ्या डोक्यातून. मला आटवंना. आईला कसं सांगू, मला आटवंना." आणि भर गल्लीत रडायला लागले. मीही रडलो, त्यात लपवण्यासारखं काही नाही.

सलीमचा अरबाब समजूतदार होता. अर्धा तास थांबतो म्हणाला, त्याहून जास्त नाही, पुढे रस्ता बंद करतात. अबू फहदांनी चार चहा आणवले. सलीम भडाभडा बोलत होता. धन्यानं त्याला तळघरात कसा लपवला, गाडी कशी नेली, काय खाल्लं, भाईचा पत्ता कसा जपून ठेवला, गेटवरच्या पठाणानं कसं हाकललं. दाऊदभाई समोरच्या खोक्यावर बसले होते, गुडघ्याला गुडघा लावून. चहाला हात लावला नाही. त्यांची नजर कपाळावरून नाकावर, नाकावरून हनुवटीवर, पुन्हा वर, अशी सावकाश फिरत होती.

अरबाबानं इंजिन सुरू केलं तेव्हा सलीम घाबरा झाला. "भाई, काय तरी बोल की. परत कवा गाठ पडतेय. मगापासून मीच बोलतोय."

"बोलाय फोन लागंल कवा तरी," दाऊदभाई म्हणाले. "आता बगू दे."